नाशिकच्या द्राक्षबागेत लग्न करायचंय? आधी महिना ठरवा, मग जागा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा की त्या माहीमला राहतात, मुलीला नाशिकला वायनरीत (म्हणजे द्राक्षबागेतच वाइन बनवतात तिथे) लग्न हवंय, माणसं अडीचशेच्या आसपास, मुहूर्त फेब्रुवारीत बघतायत, दोन ठिकाणांची कोटेशन आलीत आणि दोन्हीत जवळपास दुपटीचा फरक आहे, तर स्वस्तातलं घ्यावं का आणि बुकिंगच्या आधी काय काय विचारून घ्यावं. मी दादरहून लग्नांची कामं घेतो, नाशिक साईडला बरीच केलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तो दुपटीचा फरक बहुतेक वेळा खरा फरक नसतोच. आपल्याला मुंबईत हॉलची सवय, हॉल घेतला की खुर्च्या, लाईट, स्टेज, माईक, वधूपक्ष-वरपक्षाच्या खोल्या, संडास, स्वयंपाकाला गॅस-पाणी, लिफ्टवाला, झाडूवाला सगळं त्यात आलं असं आपण धरूनच चालतो. बागेत तुम्हाला मिळतं ते गवत आणि व्ह्यू. बाकी प्रत्येक गोष्ट ट्रकमधून येते आणि ट्रकमधून जाते. त्यामुळे ज्याने कमी आकडा दिलाय त्याने फक्त जागेचं भाडं दिलंय का, की खोल्या, जेवण, जनरेटर सगळं धरून दिलंय ते बघा, जीएसटी धरून की सोडून तेही बघा, बाहेरचा केटरर किंवा डेकोरेटर आणला तर रॉयल्टी, म्हणजे त्याबद्दल जागेवाल्याला द्यायचे वेगळे पैसे, लावणार का हे विचारा (ही रॉयल्टी कोटेशनमध्ये कधीच नसते, नंतर उगवते). दोन्ही कोटेशन एकाच कागदावर ओळीने मांडून बघा, निम्म्या वेळा स्वस्त वाटणारं महाग निघतं.

आता महत्त्वाचं. लोक आधी जागा बघतात, तिच्या प्रेमात पडतात, मग तारीख शोधतात. बागेच्या बाबतीत हे उलटं करायला पाहिजे, कारण ही बाग तुमच्या लग्नासाठी लावलेली नाहीये, तिथे पीक चालू आहे आणि पिकाचं स्वतःचं वेळापत्रक आहे. नाशिकला द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमधे खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, माल मात्र एकदाच मिळतो. छाटणी झाली की वेलीवर पान राहत नाही, नुसत्या काड्या आणि तारा. आता हिशोब करा. तुळशीचं लग्न झालं की आपला सीझन सुरू होतो, म्हणजे नोव्हेंबरअखेर, तेव्हा छाटणीनंतरचा पाला येऊन बाग हिरवी झालेली असते पण घड दिसण्यासारखे नसतात. मे महिन्यात सगळ्यांना सुट्टी असते म्हणून मे धरतात, तेव्हा बाग खरड छाटणीतून नुकती सावरत असते आणि ऊन असं की पाहुणे एसी गाडीतून उतरायला तयार होत नाहीत. इन्स्टावर जे हिरवेगार फोटो बघून मुलीने हट्ट धरलाय त्यातले बरेचसे पावसाळ्यातले असतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे मुहूर्त नाहीत. घड लटकलेले पाहिजे असतील तर साधारण जानेवारी ते मार्चची सुरुवात, त्यातही पौष सोडला तर तुम्ही म्हणताय तो फेब्रुवारीच उरतो. म्हणजे महिना तुम्ही बरोबर निवडलाय.

पण फेब्रुवारी म्हणजे ऐन तोडणी. वाइनची द्राक्षं पहाटे गारव्यात तोडतात, पेठ-सुरगाण्याकडची मजूर मंडळी उजाडायच्या आत कामाला लागलेली असतात, क्रेट भरलेले ट्रॅक्टर तुमच्या मांडवाच्या बाजूनेच वायनरीकडे जाणार आणि ते तुमच्या हळदीसाठी थांबणार नाहीत, थांबूही नयेत. दुसरं, मांडवाच्या मागे जो प्लॉट आहे तो कुठल्या जातीचा हे विचारा. हा प्रश्न कोणी विचारत नाही, वायनरीवाले पण हसतात, पण त्याच्यावर सगळे फोटो अवलंबून आहेत. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या जाती साधारण आधी तोडल्या जातात, शिराझ, कॅबरने या काळ्या जाती नंतर. वीस फेब्रुवारीचं लग्न आणि मागे पांढऱ्याचा प्लॉट असेल तर घड गेलेले असू शकतात, नुसती पिवळी पडत चाललेली पानं मिळतील. आणि मुलीला आत्ताच सांगून ठेवा की वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक असतो, बी असते, आपण बाजारात घेतो तसे थॉमसनचे लांब भरगच्च घड नसतात. फोटोग्राफर पण मुंबईचा असेल तर त्याला पण सांगा. पाहुण्यांनी घड तोडून खाऊ नयेत याची पाटी लावा, फवारणी केव्हा झालीये ते मालकालाच माहीत. शेवटची फवारणी कधी होणार, लग्नाच्या दिवशी पहाटे फवारणीचा ब्लोअर फिरणार नाही ना, हेही एकदा विचारून ठेवा.

तोडणीच्या दिवसात अजून एक गंमत असते. क्रशिंग, म्हणजे द्राक्षं चिरडणं, चालू असलं की आंबूस गोड वास पसरतो, तो बऱ्याच जणांना आवडतो, पण त्याच्यामागे मधमाश्या आणि बारीक माश्या येतात आणि त्या थेट जिलबीच्या काउंटरवर. गोडाचं काउंटर वायनरीच्या इमारतीपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या आणि जाळीची झाकणं केटररकडून आधीच मागून घ्या.

वार कुठला हे तुम्ही लिहिलं नाहीये. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. गंगापूर धरणाच्या बाजूच्या सगळ्या वायनऱ्या वीकेंडला मुंबई-पुण्याच्या टुरिस्टनी भरलेल्या असतात, टेस्टिंगला आलेला ग्रुप तुमच्या सप्तपदीच्या मागे सेल्फी काढतोय हे चित्र मी बघितलंय. सुलाफेस्ट (सुला वायनरीचा संगीत महोत्सव) ज्या वीकेंडला असेल तो तर विचारातच घेऊ नका, रस्ता आणि हॉटेलं दोन्ही हातातून जातात. मुहूर्त मंगळवार-बुधवारचा मिळत असेल तर जागा पण मोकळी आणि रेटमधे पण घासाघीस करता येते. वीकेंडच पाहिजे असेल तर अख्खी जागा फक्त तुमच्यासाठी बंद ठेवणार का, की फक्त एक लॉन तुमचं आणि बाकी पब्लिक चालू, हे लिहून घ्या. तोंडी "काही प्रॉब्लेम नाही मॅडम" याला काही अर्थ नाही.

आवाजाचं सांगतो, इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम आहेत आणि ते गावात पण लागू आहेत. सरकार वर्षातले ठराविक दिवस, जास्तीत जास्त 15, रात्री 12 पर्यंत सूट देतं पण ती सणासुदीसाठी, तुमच्या भाच्याच्या डीजेसाठी नाही. "गावाकडे कोण विचारतंय" असं जागेवाला म्हणेल, विचारतात, शेजारी वस्ती असते, मजूर चार वाजता उठायचे असतात, आणि फोन गेला की पोलीस येतात. म्हणून संगीतचा कार्यक्रम बागेत ठेवायचा असेल तर संध्याकाळी 6 लाच सुरू करा, किंवा 10 नंतरचा नाच बंद हॉलमधे करा जिथून आवाज बाहेर जात नाही. तसा हॉल आहे का ते आधी बघा.

लग्नासाठी मी तर गोरज मुहूर्तच सुचवीन. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, त्याच्या आधीच्या तासाभरात बागेत जो उजेड असतो तो कुठलाही लाईटवाला आणून देऊ शकत नाही, दुपारच्या 12 च्या मुहूर्ताला मात्र सगळ्यांचे डोळे मिचकावलेले फोटो येतात आणि भटजी घामाघूम. गोरज घेतला की मंगलाष्टकं लांबवायची नाहीत एवढं मामा-मावश्यांना सांगून ठेवा, कारण प्रत्येकाला स्वतः रचलेलं एक म्हणायचं असतं आणि तोवर अंधार पडतो.

आता दारू. वायनरीत लग्न आहे म्हणजे सगळं आपोआप कायदेशीर असं अजिबात नाही. वायनरीचं लायसन्स त्यांच्या वाइनपुरतं. तुम्हाला व्हिस्की, बियर ठेवायची असेल तर जागेकडे त्याचं लायसन्स आहे का बघा, नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या कार्यक्रमापुरतं तात्पुरतं लायसन्स काढावं लागतं, ते कोण काढणार आणि कोणाच्या नावावर हे ठरवा. काही वायनऱ्या बाहेरचं काही आत येऊच देत नाहीत, मग काका लोक गाडीच्या डिकीत उघडतात आणि तो वेगळा तमाशा. आपल्या राज्यात वाइन आणि बियरला वय 21 पूर्ण लागतं, बाकी दारूला 25, तेव्हा मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपला बारवाला अडवू शकतो, त्यात त्याची चूक नाही. ड्राय डे बघूनच तारीख घ्या. 26 जानेवारीला लाँग वीकेंड जुळतो म्हणून लोक धावत बुक करतात आणि तो ड्राय डे असतो. निवडणूक लागली तर मतदान संपायच्या आधीचे 48 तास आणि मोजणीचा दिवस पण जातो, आणि निवडणूक काय आपल्याला विचारून लागत नाही, त्यामुळे करारात अशा वेळी वाइनच्या पॅकेजचे पैसे परत की नाही हे लिहून घ्या.

आणि घरातल्या मोठ्यांचं. "दारूच्या कारखान्यात लग्न?" हा प्रश्न येणार, बहुतेक वरपक्षाच्या आजींकडून. हसण्यावारी नेऊ नका. मी काय करतो तर विधीचं लॉन आणि टेस्टिंग रूम यांच्यात चांगलं अंतर ठेवतो, विधीच्या दिवशी जेवण पंगतीचं, केळीच्या पानावर, वरण-भात, अळूचं फदफदं, मसालेभात, जिलबी, मठ्ठा, आणि वाइन फक्त आदल्या संध्याकाळी किंवा रिसेप्शनला वेगळ्या कोपऱ्यात. पत्रिकेवर वायनरीच्या नावाच्या आधी "गंगापूर धरणाजवळ, नाशिक" मोठ्या अक्षरात छापायचं. एवढ्याने बऱ्यापैकी शांतता होते.

प्रवासाचं गणित नीट करा. दादरहून साधारण 170 किलोमीटर, समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा जून 2025 मधे सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, फार मोठा फरक पडलाय. पण खरी अडचण घाटाची नव्हतीच हो, ठाण्यापासून भिवंडी-वडपेपर्यंतची आहे आणि ती अजून आहे. बस सकाळी 6 च्या आत ठाणे ओलांडेल असंच ठरवा. मोठी 50 सीटर बस घेऊ नका, मेन रोडवरून बागेकडे वळणारे रस्ते अरुंद असतात आणि आत बस वळवायला जागा नसते, 17 सीटर टेम्पो ट्रॅव्हलर जास्त घ्या. वयस्कर मंडळींना ट्रेनच बरी, सकाळची शिर्डी वंदे भारत दादर, ठाण्याला थांबते, संध्याकाळी जायचं तर पंचवटी आहे. रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशी घरातल्या दोन हुशार मुलांना सकाळी 8 ला मोबाईल घेऊन बसवा. नाशिकरोड स्टेशन ते गंगापूर साईड हे अंतर लोक विसरतात, अख्खं शहर ओलांडून जायचं असतं, स्टेशनवर गाड्या उभ्या पाहिजेत. इगतपुरी तालुक्यात संजेगाव, कावनईकडे पण वायनऱ्या आहेत, त्या मुंबईहून जवळ पडतात, पण तिथे आसपास हॉटेलं कमी, म्हणजे इकडे वाचवलेला वेळ तिकडे खोल्या शोधण्यात जातो.

लग्न पुढच्या वर्षावर ढकलायचा विचार असेल तर सिंहस्थ कुंभमेळ्याचं लक्षात ठेवा. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आहे आणि अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मधे. तेव्हा मुहूर्तच नसतात म्हणून सुटलो असं समजू नका, त्याच्या आधीचे कित्येक महिने रस्त्यांची कामं आणि हॉटेलचे भाव दोन्ही चालू राहतात. शिवाय सिंहस्थात गुरू सिंहेत असताना लग्न करावं की नाही यावर काही घरांत कडक मतं असतात, गुरुजींना आधी विचारा, पत्रिका छापल्यावर नको.

खोल्या कुठल्याच वायनरीत अडीचशे माणसांना पुरत नाहीत. जवळचे नातेवाईक आत, बाकीचे गंगापूर रोड किंवा त्र्यंबक रोडच्या हॉटेलात, आणि रात्री 10 नंतर फेऱ्या मारणाऱ्या गाड्या बुक केलेल्या. तिथे रात्री रिक्षा, ओला मिळेल या भरवशावर राहू नका.

जमिनीचं बघायला स्वतः जा, आणि डेकोरेटरला घेऊन जा, फक्त मुलीला नाही. बागेच्या कडेने ठिबकच्या नळ्या गेलेल्या असतात, मुख्य लाईन जमिनीखालून असते आणि बाहेरून काही कळत नाही. मांडववाल्याने पहार मारली आणि लाईन फुटली की मांडव घालायच्या जागेत गुडघाभर चिखल होतो, वर मालकाची भरपाई. म्हणून लाईन कुठून गेलीये ते बागेवरच्या मुकादमाला विचारून चुन्याने आखून घ्यायचं, मॅनेजरला नाही विचारायचं, त्याला माहीत नसतं. ओळींच्या शेवटी तार ताणून धरायला जमिनीत तिरक्या तारा अँकर केलेल्या असतात, रात्री दिसत नाहीत आणि साडी-शेरवानीवाले बरोबर त्यात अडकतात, त्या तारांना कापडाच्या पट्ट्या आणि खाली छोटे लाईट लावायचे. टाचेच्या चपला लॉनमधे रुततात, आज्यांच्या खुर्च्यांखाली प्लाय टाका.

लाईट. गावातल्या फीडरवर अवलंबून राहू नका, जागेवाल्याकडे जनरेटर आहे म्हणाला तर तो किती केव्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा) आणि तो वायनरीच्या कूलिंगला जोडलेला आहे का हे विचारा. तोडणीच्या दिवसात टाक्या थंड ठेवणं हे त्यांच्यासाठी तुमच्या डीजेपेक्षा महत्त्वाचं आहे आणि लोड कमी करायची वेळ आली तर तुमचीच लाईन बंद होणार. स्वतःचा सायलेंट जनरेटर भाड्याने आणा, अडीचशे माणसांच्या कार्यक्रमाला लाईट, साउंड, किचन धरून मी 125 केव्हीएचा धरतो आणि एक छोटा स्टँडबाय. संडास मोजा, खरंच मोजा. तात्पुरते आणायचे असतील तर पाण्याचा टँकर आणि साफ करायला दोन माणसं त्याच्यासोबत.

थंडीला मुंबईकर फार हलक्यात घेतात. निफाडचं तापमान पेपरात येतं ते उगाच नाही, फेब्रुवारीतही संध्याकाळ झाली की गारवा चढतो आणि रात्री दव पडतं. खुर्च्यांची कव्हरं ओली, साउंडच्या मिक्सरवर थेंब, बुफे 9 वाजता गार. पत्रिकेसोबतच्या मेसेजमधे शाल-स्वेटर आणा असं लिहा, मशीन आणि जेवण छताखाली ठेवा. आणि अवकाळी. फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट नाशिककर अजून विसरलेले नाहीत. आकाश निरभ्र असलं तरी अडीचशे माणसं मावतील असं पक्कं छप्पर जागेवर असलंच पाहिजे, बॅरल रूम (वाइनची लाकडी पिंपं ठेवायची खोली) दाखवतील, सुंदर असते, पण त्यात शंभर माणसंसुद्धा मावत नाहीत आणि आत होम करून देत नाहीत.

होमावरून आठवलं, अक्षता, फटाके, ड्रोन या तिन्हीची परवानगी आधी विचारा. तांदूळ लॉनवर पडून राहिला की पक्षी येतात आणि पक्षी बागेवाल्याला नको असतात, बरेच जण फुलांच्या पाकळ्या वापरा म्हणतात. (फुलं नाशिकलाच घ्या, दादरच्या मार्केटमधून नेऊ नका, तिथली बरीचशी नाशिकहूनच आलेली असतात.) फटाके नाहीच. ड्रोनच्या बाबतीत ओझरचा विमानतळ आणि एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोड-देवळालीकडचा लष्करी भाग यामुळे जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी बंधनं आहेत, ड्रोनवाल्याला डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा उघडून तुमची जागा कुठल्या झोनमधे आहे ते दाखवायला सांगा, "आम्ही नेहमी उडवतो" हे उत्तर चालत नाही. गाण्यांच्या लायसन्सचे पैसे जागेवाला मागेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधे लग्न आणि लग्नाशी संबंधित सोहळ्यांना सूट आहे, 2023 मधे केंद्राच्या खात्याने तसं जाहीरही केलंय, हे सांगा. तरी वाद घालणारे घालतात, म्हणून हे पण करारात कोणाच्या अंगावर ते लिहा.

पैसे देताना, जागा शेतजमिनीवर आहे की एनए (बिगरशेती), कार्यक्रमाची परवानगी त्यांच्याकडे आहे का, ग्रामपंचायत आणि तालुका पोलीस ठाण्याचं पत्र कोण आणणार, हे कागद बघितल्याशिवाय टोकनच्या पुढे जाऊ नका. बऱ्याचशा छोट्या बागांत शेतकऱ्याने फार्महाऊस बांधून लग्नाला द्यायला सुरुवात केलीये, माणसं चांगली असतात, रेट पण चांगला, पण कागद अर्धे असतात. अशा ठिकाणी साखरपुडा, केळवण, 60-70 माणसांचं मस्त होतं. अडीचशेला मी मोठी वायनरीच घेईन. तुमची जी दोन कोटेशन आहेत त्यातली नावं काढून आकडे इथे टाका, कुठल्या ओळी गायब आहेत ते सांगतो.